लुटुपुटीचे गाव आणि खरी अक्कल

दिवाळीत आमच्या वाकोल्यात अजून किल्ले होतात. पूर्वीइतके होत नाहीत. अंगणे गेली, माती विकत आणावी लागते, आणि बैठ्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जिन्याखाली सिंहगड मावत नाही. तरीही पोरे हट्टाने कोठेतरी चार विटा रचतात, गोणपाट चिखलात बुडवतात आणि वसुबारसेपर्यंत हळिवाची हिरवळ उगवून आणतात. मी पडलो चित्रकलेचा मास्तर. त्यामुळे ह्या किल्ल्यांना गुण देण्याचे काम गेली कित्येक वर्षे आपसूक माझ्याकडे चालत आले आहे. मंडळाचा एक छापील तक्ता माझ्या हाती देतात : रचना, सुबकपणा, इतिहासाशी इमान, सजावट, प्रत्येकी दहा गुण. तो भरायला तीन मिनिटे पुरतात. मात्र हळीव आठवडाभर आधी पेरला पाहिजे हे कोणाच्या ध्यानात राहिले, पलीकडच्या चाळीतल्या पोरांनी ओढून नेलेले गोणपाट कोणी गोड बोलून परत आणले, ह्याला तक्त्यात रकाना नाही.

गेल्या दिवाळीत असाच एक किल्ला पाहत उभा होतो. एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतले. विमानतळावर सामान चढवण्याउतरवण्याचे काम करणारा हा गृहस्थ. त्यांनी खिशातून चौघडी घातलेला एक रंगीत कागद काढला. कोठल्याशा केंद्रात मुलीला संगणकासमोर बसवून एक खेळ खेळवला होता. पडद्यावर एक दुकान. माल भरायचा, भाव ठरवायचा, नोकर ठेवायचे, आणि चाळीस मिनिटांत वर्षभराचा धंदा करून दाखवायचा. त्यावरून यंत्राने मुलीच्या बुद्धीचा दाखला छापून दिला होता. निर्णयशक्ती मध्यम, नियोजन मध्यमाहून कमी.

"सर, शिकवणीचा खर्च मला एकाच पोराचा झेपतो," ते म्हणाले. "हिला घालू, का धाकट्याला? ह्या कागदावर तर हे असं लिहिलंय."

मुलगी त्या वेळी किल्ल्याच्या मागे उकिडवी बसून मातीत काहीतरी करीत होती.

"विचार करून सांगतो," असे म्हणून मी तेव्हा सुटका करून घेतली. मी स्वतः मॅट्रिक. त्यापुढचे माझे शिक्षण म्हणजे कुंचला आणि रद्दीच्या दुकानातली पुस्तके. माणसाच्या बुद्धीविषयी अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. पण दोन-चार कादंबऱ्या माझ्या हातून झाल्या आहेत. म्हणजे लुटुपुटीची गावे वसवण्याचा धंदा माझाही आहे. तेव्हा एका लुटुपुटीच्या दुकानावरून कोणी खऱ्या मुलीची अक्कल ठरवीत असेल, तर त्या दुकानाची टीकाकाराच्या नजरेने झडती घ्यायला हरकत नसावी. वर्षभर त्या नादात जे वाचले आणि जे सुचले, ते येथे मांडतो.

प्रथम शब्दाचे पाहू. ह्या प्रकाराला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात, आणि आपले विद्वान 'सदृशीकरण' म्हणतात. आपल्या आयाबहिणींनी ह्याला शतकानुशतके भातुकली म्हटले आहे. खऱ्या संसारातली दहा-वीस माणसे, वस्तू आणि नियम घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे, आणि उरलेल्यांचा एक छोटा संसार मांडायचा. भातुकलीत चूल पेटत नाही, म्हणून हात भाजत नाही. तीच तिची सोय आणि तीच तिची उणीव. संगणकाने केले एवढेच, की ह्या भातुकलीला हिशेबनीस दिला. तुम्ही मीठ जास्त घातले, तर सहा महिन्यांनी काय होईल ते तो आकड्यांत सांगतो.

ही भातुकली बुद्धी मोजायच्या कामी का आली, हे कळायला जुन्या कसोट्यांकडे थोडे पाहावे लागते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने ह्यांनी १९०५ साली पहिली कसोटी बेतली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिनेच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी जुळवून घेतल्या. त्यांचे पुस्तक १९४० साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. १९६२ साली पुण्यात अप्पा पेंडसे ह्यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली, आणि बुद्धिमान मुले कसोट्या लावून निवडायची व त्यांना वेगळे शिक्षण द्यायचे ही कल्पना मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरली. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या 'बुद्धिमत्ता चाचणी'विषयी तर काही सांगायलाच नको. मराठी शाळेत शिकलेल्या ज्या वाचकाने 'गटात न बसणारी आकृती ओळखा' हा प्रश्न सोडवलेला नाही, असा वाचक मला दाखवा.

त्या आकृत्या मुले माझ्याकडे घेऊन येतात. गणिताच्या बाईंना वेळ नसतो, आणि चित्रे म्हणजे माझेच खाते, अशी मुलांची समजूत. एकदा एका मुलाने चार आकृत्यांपैकी दुसरी गटाबाहेरची ठरवली. उत्तर होते चौथी. का, म्हणून विचारले, तर म्हणाला, "सर, दुसरीची रेघ थरथरलीय. बाकीच्या पट्टीनं काढल्यात, ही हातानं." मी चष्मा लावून पाहिले. खरेच थरथरली होती. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. उत्तरपत्रिकेने शून्य दिले. येथे चूक मुलाची नव्हती, आणि पेपर काढणाऱ्याचीही नव्हती. प्रश्नच असा, की त्याला एकच उत्तर माहीत.

पुढे हेच पेपर संगणकावर आले. शिक्षकांच्या भरतीसाठी आपल्या राज्यात २०१७ सालापासून 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' आली, तीही संगणकावरच. दोनशे प्रश्न आणि दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत माझा खडूही नीट धरून होत नाही. पण ते असो. तेथे संगणक केवळ चपळ कारकून आहे. कागदाचे काम तो पडद्यावर करतो, एवढेच.

संगणकाने खरी गंमत केली ती दुसरीकडे. १९६३ साली अमेरिकेत थॉमस एव्हान्स ह्याने एक आज्ञावली लिहिली. 'ह्या आकृतीचे त्या आकृतीशी जे नाते, तेच तिसरीचे कोणाशी?' असले बुद्धिमापनातले भूमितीचे प्रश्न ती सोडवी. यंत्राने सोडवले म्हणजे यंत्र बुद्धिमान झाले की प्रश्नच यांत्रिक होते, हा वाद तेव्हापासूनचा. १९९० साली कार्पेंटर, जस्ट आणि शेल ह्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी तो जरा शहाणपणाने पुढे नेला. 'रेव्हन'च्या प्रसिद्ध कसोटीत नक्षीच्या चौकटीतला एक तुकडा गाळलेला असतो आणि तो ओळखायचा असतो. ह्या कसोटीसाठी त्यांनी दोन आज्ञावल्या रचल्या : एक कॉलेजातल्या मधल्या प्रतीच्या विद्यार्थ्यासारखी सोडवणारी, तीच तशाच जागी अडखळणारी, आणि दुसरी सर्वांत हुशार विद्यार्थ्यांसारखी. मग दोघींत फरक काय ते उघडून पाहिले. अवघड, अमूर्त नाती हुडकण्याची शक्ती हा एक फरक निघाला. दुसरा हा, की एकाच वेळी अनेक उपकामे डोक्यात ओळीने धरून ठेवायची, एक संपताच दुसऱ्याकडे वळायचे, आणि मूळ काम विसरायचे नाही. घरात पाहुणे असताना एका शेगडीवर चकली, दुसरीवर वरण आणि दारात दूधवाला, ही कसरत करणाऱ्या बाईला हे कोणी सांगायला नको. पण एखादी कसोटी नेमके काय मोजते हे कळावे म्हणून ती सोडवणाऱ्याचीच भातुकली मांडायची, ही कल्पना मला फार आवडली. ह्या संशोधकांनी गुण वाटले नाहीत. गुण कशाचे मिळतात ते विचारले.

आता दुसरी भातुकली. सोडवणारा माणूस खराच, पण भोवतालचे जग लुटुपुटीचे. आपल्या मुलीला ज्या दुकानात बसवले होते, त्याचे घराणे हे.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष डीट्रिख डोर्नर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्याचे 'अपयशाचे तर्कशास्त्र' हे पुस्तक मूळ जर्मनमध्ये १९८९ साली आणि इंग्रजीत १९९६ साली निघाले. मला ते कलिन्याच्या एका रद्दीवाल्याकडे पाठ्यपुस्तकांच्या ढिगात सापडले. कोश जवळ घेऊन चार महिने वाचले. पुस्तक विलक्षण आहे. त्याचा विषय मूर्ख माणसे हा नाही. चांगली शिकलेली, सद्हेतूची माणसे एखाद्या गुंतागुंतीच्या कारभाराची वाट कशी लावतात, हा आहे. चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात १९८६ साली जी माणसे कामावर होती, ती नवशिकी नव्हती, हे त्याने मुद्दाम सांगितले आहे.

डोर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकात लोहाउझेन नावाचे एक गाव वसवले. वस्ती साडेतीन-चार हजारांच्या आसपास. गावाच्या मालकीचा घड्याळांचा कारखाना, बँक, शाळा, दुकाने. ह्या गावात बदलू शकतील अशा दोन हजारांहून अधिक गोष्टी संगणकात एकमेकींशी जोडलेल्या होत्या. कर वाढवला की कारखान्याच्या कामगारापासून दुकानदारापर्यंत सगळे हलावेत, अशी रचना. अठ्ठेचाळीस जणांना एकेक करून ह्या गावाचे नगराध्यक्ष केले. दोन-दोन तासांच्या आठ बैठकींत प्रत्येकाने गावाची दहा वर्षे चालवायची. अधिकार अमर्याद, निवडणूक नाही, अविश्वासाचा ठराव नाही. १९८३ साली ह्या प्रयोगाचा ग्रंथ निघाला, आणि त्यातल्या एका गोष्टीने मानसशास्त्रात खळबळ उडवली. नेहमीच्या बुद्धिमापन कसोट्यांत कोणाला किती गुण, ह्यावरून तो गाव कसा चालवील ते जवळजवळ काहीच सांगता येत नव्हते.

मग चांगला नगराध्यक्ष कोणता? डोर्नरने त्यांचे बोलणे टिपून ठेवले होते. चांगले लोक 'हे असे का?' असे अधिक वेळा विचारीत. वाईट लोक एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारीत. किंवा उलट, एखाद्या सोप्या, हाताशी येणाऱ्या कामात असे घुसून बसत, की बाहेर गाव बुडाले तरी त्यांना पत्ता नसे. निर्णय घेऊन त्याचे पुढे काय झाले हे न पाहण्याची खोड तर फार जणांत. डोर्नर अशा निर्णयांना तोफेच्या गोळ्याची उपमा देतो : एकदा सुटला, की गोलंदाजाचा आणि त्याचा संबंध संपला. आमच्या शिक्षणखात्यातून येणारी परिपत्रके वाचताना मला ही उपमा हटकून आठवते.

त्याचे दुसरे लुटुपुटीचे राज्य टानालँड. हा पूर्व आफ्रिकेतला काल्पनिक मुलूख. एक जमात शेती करणारी, दुसरी गुरेमेंढ्यांवर जगणारी. बारा जणांना तेथे हवे ते करण्याची मुभा होती. त्यांनी औषधे आणली, विहिरी खणल्या, शेती सुधारली. माणसे वाढली, जनावरे वाढली, प्रत्येकाला आपली पाठ थोपटावीशी वाटली. आणि मग चारा संपला, पाणी खाली गेले, आणि बाराजणांपैकी बहुतेकांच्या राज्यात आधी कधी नव्हता असा दुष्काळ पडला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ज्या महाराष्ट्राने विंधनविहिरी खोल खोल जाताना पाहिल्या, त्याला हे प्रकरण वाचताना आफ्रिका दूर वाटणार नाही.

पुढच्या संशोधकांनी डोर्नरचे म्हणणे जसेच्या तसे ठेवले नाही, हेही सांगितले पाहिजे. गाव चालवण्याचे गुण नीट, विश्वासार्ह रीतीने मोजले, आणि काय साधायचे ते उमेदवाराला स्पष्ट सांगितले, तर बुद्धिमापनाशी त्याचा संबंध दिसू लागतो, असे अनेकांनी दाखवले. बरेचसे अभ्यास एकत्र करून २०१५ साली काढलेला निष्कर्ष असा, की संबंध आहे, पण मधल्या प्रतीचा. म्हणजे लुटुपुटीचे गाव जे मोजते ते जुन्या कसोटीहून अगदी परके नाही आणि अगदी तेही नाही. २०१२ साली 'पिसा' ह्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांना पडद्यावर अनोळखी यंत्रे देऊन ती चालवायला लावली. माहितीपत्रक नसलेले वातानुकूलन यंत्र कोणती कळ फिरवली की काय करते, ते स्वतः करून शोधायचे. भारत त्या वर्षी परीक्षेत नव्हता. नाहीतर आमच्या वाकोल्याच्या पोरांनी ते यंत्र उघडून आधी गॅस आहे का ते पाहिले असते.

येथवर सारे कौतुकाचे. थरथरलेली रेघ ओळखणाऱ्या मुलाला शून्य देणाऱ्या पेपरापेक्षा लोहाउझेन शंभर पटींनी शहाणे आहे. तेथे काळ आहे, चुकीचा परिणाम आहे, आणि 'का?' विचारणाऱ्याला फळ आहे. पण कादंबरीकार म्हणून मी त्या गावात फिरू लागलो, तेव्हा मला तेथे माणसे भेटेनात.

मला सारखी 'बनगरवाडी' आठवू लागली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली आली. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या एका उजाड वाडीवर नेमला जातो. शाळा आहे, पोरे नाहीत. वाडीचा म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हा कोठे पोरे येतात. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. लोकांची कागदपत्रे, पैशाअडक्याची कामे, भांडणे त्याच्याकडे येऊ लागतात. तो तालमीची इमारत उठवण्याचे मनावर घेतो, वाडी हात लावते, राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात, आणि शेवटी मास्तर पुन्हा रिकाम्या शाळेपाशी येऊन ठेपतो.

लोहाउझेनचा हिशेबनीस ह्या मास्तरला किती गुण देईल? प्रारंभी विद्यार्थी शून्य, शेवटी विद्यार्थी शून्य. मधल्या काळात एका तालमीवर वाडीचे श्रम खर्ची. नियोजन मध्यमाहून कमी! तो दाखला यंत्राने खुशाल छापावा. परंतु 'बनगरवाडी' वाचून पुस्तक मिटणाऱ्या कोणा वाचकाला तो मास्तर बुद्धीने उणा वाटला आहे काय? उलट तो पानोपानी शहाणा होत गेलेला आपण पाहिलेला असतो. कोणाशी कधी बोलावे, कोठे गप्प बसावे, आनंदा रामोशासारख्या चोरी करणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे त्याला हळूहळू कळते. आणि अंजीच्या चोळीचे निमित्त होऊन कारभाऱ्याच्या मनात एकदा किंतु आला, की कमावलेले कसे एका दिवसात हलते, तेही कळते.

फरक कोठे आहे? माडगूळकरांच्या मास्तरापाशी सत्ता नाही. त्याला वाडीचे काही करायचे, तर आधी कारभाऱ्याचे मन वळवावे लागते. वाडी त्याला नाही म्हणू शकते. रुसते, फसवते, संशय घेते, आणि एके दिवशी त्याला न विचारता उठून निघून जाते. लोहाउझेनच्या नगराध्यक्षापाशी सगळी सत्ता आहे, आणि गावकरी म्हणजे आकडे. ते खूश होतात किंवा नाराज होतात. पण दारावर येऊन 'साहेब, तुमचे चुकते आहे' असे सांगत नाहीत. तेव्हा ह्या खेळात जी बुद्धी मोजली जाते ती हुकूमशहाची बुद्धी होय. चांगल्या हुकूमशहाची म्हणा हवी तर, 'का?' विचारणारा, परिणाम पाहणारा. ज्यांना उद्या कारखाने चालवायचे आहेत त्यांना ती लागतेही. पण जगातल्या बहुतेक माणसांना जन्मभर जी अक्कल वापरावी लागते, ती हाती सत्ता नसताना लागणारी अक्कल आहे, आणि तिच्यासाठी डोर्नरच्या गावात वस्तीच नाही. हा दोष डोर्नरचा म्हणून मी दाखवीत नाही. त्याला माणसे गुंत्यात कशी चुकतात ते पाहायचे होते, आणि ते त्याने उत्तम पाहिले. दोष त्याचा, जो अशा गावातून निघालेल्या आकड्याला 'बुद्धी' असे नुसते नाव देऊन रंगीत कागदावर छापतो.

गाव वसवणाऱ्याने काय धरले आणि काय सोडले, ह्यावर किती अवलंबून असते ते आम्ही वाकोलेकर जाणतो. मुंबईचे जुने पावसाळी गटार ताशी पंचवीस मिलिमीटर पाऊस धरून बांधलेले, आणि तेही समुद्राला ओहोटी आहे असे धरून. २६ जुलै २००५ रोजी आमच्या शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि दुपारी भरती होती. मी तेव्हा शाळेत नवाच. साडेतीनच्या सुमारास पालक पोरांना न्यायला आले, आणि आम्ही शिक्षक मुलांना रांगेत उभे करू लागलो. वेळेवर शाळा सोडणे हेच आमचे नियोजन. आमच्या शाळेच्या शिपाईबाई गच्चीवरून वाकोला नाल्याकडे पाहून धावत खाली आल्या. नाल्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या मिठी नदीकडे जायच्या ऐवजी उलट्या आत येत होत्या. "भरती हाय. नाला मागं फिरलाय. कुणाला सोडू नका," त्या म्हणाल्या. त्यांचे ऐकले म्हणून त्या रात्री दीडशे मुले वरच्या मजल्यावर सुखरूप झोपली. अडाणी तेवढे शहाणे, असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. ह्याच बाई भिशीत दोनदा बुडाल्या आणि तिसऱ्यांदा मलाही घेऊन बुडाल्या. पण त्या दुपारी दोन हजार गोष्टींतली नेमकी एक त्यांनी पाहिली, आणि तिच्यावरून पुढचे तीन तास ओळखले. संगणकाची बाजूही सांगतो : २०२० सालापासून मुंबईच्या पुराचे पूर्वचित्र मांडणारी 'आयफ्लोज' ही यंत्रणा आली आहे, आणि तिच्यात पावसाबरोबर भरतीही धरलेली आहे. लुटुपुटीचे गावही चुकांतून शिकते. फक्त ते शिकेपर्यंत त्याच्या शब्दावर कोणाला घराबाहेर काढू नये.

आता त्या मुलीचे. यंदा गणपतीत तिच्या वडिलांची गाठ पडली. मुलगीही बरोबर होती. त्यांचा प्रश्न मी विसरलो नव्हतो. पण उत्तर देण्याआधी, वर्षभर जे पुस्तकांना विचारीत होतो ते एकदा तिलाच विचारावे असे वाटले. त्या दुकानात तू नेमके काय केलेस?

"धंदा बसला, तेव्हा नोकराला काढायचं होतं," ती म्हणाली. "मी नाही काढलं. दिवाळी आलेली ना सर, खेळात. मग तो कुठं जाईल?" आणि थोड्या वेळाने, वडिलांकडे न पाहता : "आणि ते खालचं भाव बदलायचं बटण मला शेवटपर्यंत दिसलंच नव्हतं."

मी गेल्या वर्षी तिच्या किल्ल्याची मागची बाजू पाहिली होती, तेही वडिलांना सांगितले. हळिवाला पाणी घातले की ते वाहत शेजारच्या आजींच्या उंबऱ्यावर जाई आणि त्यांची रांगोळी भिजे. म्हणून तिने शहाळ्याच्या नळ्या एकीत एक खोचून पाणी थेट गटारापर्यंत नेले होते. एक नळी लांबीला कमी पडली होती, तेथे तिने आंब्याचे पान दुमडून बसवले होते. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता, आणि मी सजावटीचे दोन गुण कापून मोकळा झालो होतो.

"हिला शिकवणीला घाला," मी म्हणालो. "कागदामुळे नको आणि माझ्यामुळेही नको. तिला विचारा आणि घाला. तो कागद एका दुकानाविषयी आहे. हिच्याविषयी त्यात फारसे काही नाही."

त्यांनी मान डोलावली. मग जरा घुटमळून म्हणाले, "म्हणजे धाकट्याला त्या केंद्रात नेऊ नको म्हणता? त्याचे पैसे भरून झालेत, सर. परत देत नाहीत ते."